वाघिणीची धार काढली कोणी?

वाचकहो, आमची शाळा माण तालुक्यातील एका वाडीवर आहे. दोन खोल्या, एक ओटा, एक लिंबाचे झाड. पटावर सतरा पोरे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की त्यांतली पाचसहा आईबापांच्या कोयत्यामागे जातात आणि पट आणखी उतरतो. या शाळेच्या दर्शनी भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत एक वाक्य आहे. ते आम्हीच सहा वर्षांपूर्वी पदरचे पैसे देऊन रंगवून घेतले. आपण सर्वांनी ते कोठे ना कोठे वाचलेच असेल. शिक्षण हे वाघिणीचे दूध आहे, जो पिईल तो गुरगुरल्याशिवाय राहणार नाही. खाली नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे.

गेल्या ७ नोव्हेंबरास आम्ही मुलांपुढे भाषण केले. १९०० साली याच तारखेस सातारच्या राजवाड्यातील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव दाखल झाले. म्हणून २०१७ सालापासून महाराष्ट्र सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. ऐटीत येऊन आम्ही शाळेच्या रजिस्टरातला नंबरदेखील सांगितला : १९१४. भाषण संपले. चौथीतला एक मेंढपाळाचा पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुर्जी, रजिस्टरचा नंबर तुमी सांगितला. मग ह्ये भित्तीवरचं बाबासाहेब कवा म्हणलं? कुठल्या गावात?"

पोरे हसली. आम्हांस हसू आले नाही, कारण आम्हांस उत्तर येत नव्हते. ट्रेनिंग कॉलेजात आम्ही मुलांस प्रश्न कसा विचारावा हे शिकलो, परंतु मुलाने प्रश्न विचारला आणि आपणांस उत्तर आले नाही तर काय करावे, हे कोणी शिकविले नव्हते. "बघून सांगतो," इतकेच म्हणालो. तो पोरगा इतक्यावर सोडतो काय? बसता बसता पुटपुटला, "आन् वाघिणीची धार काढली कुनी?"

ज्या घरी रोज शेळ्यामेंढ्यांची धार निघते त्या घरच्या मुलाला हा सवाल सुचणारच. दूध म्हटले की जनावर आले, दावे आले, धार काढणारा हात आला. दूध आपोआप भिंतीवर येत नाही. आमच्या सुशिक्षित डोक्यात हा सवाल सहा वर्षांत एकदाही आला नाही, ही आमची लाज आम्ही येथे मुद्दाम छापून देत आहो.

मग आम्ही शोधावयास निघालो. दहिवडीपासून म्हसवडपर्यंत ज्या ज्या शाळेत, वाचनालयात, अभ्यासिकेत काम पडले तेथल्या भिंती वाचल्या. कोठे 'पिईल' आहे, कोठे 'प्राशन करील'. कोठे पिणारा गुरगुरतो, कोठे डरकाळी फोडतो. हिंदीत गेले की तेच 'शेरनी का दूध' होते. जयंतीची पत्रके पाहिली, सुविचारांची पुस्तके पाहिली, रोज पहाटे मोबाईलवर येणारे सुप्रभात पाहिले. नाव सर्वत्र एकच. पण नावाखाली सभा नाही, गाव नाही, साल नाही, ग्रंथाचे पान नाही. १९७९ सालापासून सरकारने बाबासाहेबांच्या लेखांचे व भाषणांचे खंडांमागून खंड छापले आहेत. त्यांपैकी अमुक खंडाच्या अमुक पानावर हे वाक्य आहे, एवढे दोन आकडे लिहिण्याची तसदी घेतलेला एकही रंगारी, एकही प्रकाशक, एकही पुढारी आमच्या पाहण्यात नाही. बांधावरून भांडण झाले तर आपण पहिल्याने सातबारा मागतो. मग थोरामोठ्यांच्या नावावर चढविलेल्या वाक्याचा उतारा मागावयास जीभ का अडखळते?

शोधता शोधता एक भलतीच मौज हाती लागली. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतून हेच वाघिणीचे दूध दुसऱ्याच घरी नांदताना दिसले. इंग्रजी विद्येला वाघिणीचे दूध म्हणणारे कोण? उत्तर छापलेले असते : विष्णुशास्त्री चिपळूणकर. आता हे चिपळूणकर कोण, ते आमच्या वाचकांस सांगितले पाहिजे. १८७४ साली त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली, १८८० साली टिळकांसमवेत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि १८८२ साली ते वारले. बाबासाहेबांचा जन्म त्यानंतर नऊ वर्षांनी, १८९१ साली झाला. त्याच निबंधमालेतून शास्त्रीबोवांनी जोतीराव फुले यांच्या लेखनावर आणि सत्यशोधक समाजावर झोड उठविली होती. म्हणजे जे दूध एका पुस्तकात जोतीरावांच्या टीकाकाराच्या घरचे, तेच दुसऱ्या भिंतीवर जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांच्या घरचे! आणि गंमत अशी की परीक्षेच्या पुस्तकांतही निबंधमालेचा अंक कितवा, पान कितवे, हे लिहिलेले आम्हांस दिसले नाही. एका लेकराला दोन बापांची नावे लावली आहेत आणि जन्मदाखला कोणापाशीच नाही.

येथे कोणी शहाणा पुढे येऊन म्हणेल, "अहो मास्तर, वाक्य चांगले आहे ना? पोरांना हुरूप येतो ना? मग कोणी का म्हटलेले असेना!"

ठीक आहे. वाक्य चांगले असेल तर त्याला स्वतःच्या पायावर उभे राहू द्या. थोराच्या नावाची काठी त्याच्या हाती कशाला देता? आमचा शेतकरी बाजारात बैल घेतो तेव्हा विकणारा कितीही गोड बोलला तरी बैलाच्या तोंडात हात घालून दात पाहतो. सोनार कसावर घासल्याशिवाय सोने घेत नाही. सुतार लाकूड ठोकून पाहतो, कुंभार मडके वाजवून देतो. ज्यांचे सारे जिणे पारखीवर चालते, ती माणसे शब्द तेवढा न पारखता घरात घेतात, आणि तोही सर्वांत मोठ्या नावाचा! खोटा रुपया बाजारात खपतो म्हणून तो खरा होत नाही. तो शेवटी ज्याच्या हाती राहतो त्याचे नुकसान करतो. आणि तो नेहमी गरिबाच्याच हाती राहतो.

शिवाय नाव चढविण्यात आणखी एक अन्याय आहे. फ्रान्सच्या व्हॉल्टेअरच्या नावावर एक वाक्य जगभर फिरते. तुमचे मत मला पटत नसले तरी ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण पणास लावीन, असा त्याचा भाव आहे. ते व्हॉल्टेअरने लिहिलेले नाही. १९०६ साली एव्हलिन बिअट्रिस हॉल नावाच्या इंग्रज बाईने व्हॉल्टेअरच्या मित्रांविषयी पुस्तक लिहिले. त्यात त्याची वृत्ती सांगताना तिने आपल्या शब्दांत ते घडविले. शब्द बाईचा, कीर्ती पुरुषाची! आमचे वाघिणीचे दूधही एखाद्या जलशातल्या शाहिराने, एखाद्या गावच्या कार्यकर्त्याने किंवा शेणामातीत हात असलेल्या एखाद्या माउलीने प्रथम काढले असेल, तर तिच्या हातची चरवी काढून घेऊन आपण दुसऱ्यास वाहिली, असे होत नाही काय? आपल्या लोकांना वाटते, आपण बोललो तर कोण ऐकतो? मोठ्याचे नाव लावले तर ऐकतील. हा न्यूनगंड शतकानुशतके आपल्या हाडांत मुरविला गेला आहे. तो काढून टाकण्यासाठीच तर ही सारी चळवळ झाली!

आता मुख्य मुद्द्यास येतो. जुन्या काळी भटजी सांगे, "शास्त्रात लिहिले आहे." कोणत्या शास्त्रात, कोणत्या पानावर, हे कुणब्याने विचारावयाचे नाही. विचारले तर पाप. पोथी फडक्यात बांधलेली आणि फडक्याची गाठ भटजीच्या हाती. जोतीरावांनी १८७३ साली समाज काढला तेव्हा त्याचे नाव 'सत्यशोधक' ठेवले. त्यांना सत्य मानणारे नको होते, शोधणारे हवे होते. मानावयास गुडघे पुरतात, शोधावयास डोळे लागतात. आणि आज त्याच समाजाचे नातूपणतू काय करीत आहेत? "बाबासाहेब म्हणाले आहेत." कोठे? "ते विचारू नका, अपमान होतो." गाठ तीच राहिली. फडक्याचा रंग तेवढा बदलला.

कोणी असेही म्हणेल की, ही शंका काढून तुम्ही बाबासाहेबांचे मोठेपण कमी करता. आम्ही म्हणतो, ज्यांचे नाव घ्यावयाचे त्यांची रीत तरी पाहा. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' या विषयावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि तो जोतीरावांस अर्पण केला. त्यात वेदापुराणांतले उतारे ते ठावठिकाण्यासह देतात आणि मग वादास उभे राहतात. प्रतिपक्षाचे वचनसुद्धा पत्त्याशिवाय न वापरणाऱ्या या पुरुषाच्या तोंडी आपण पत्ता नसलेली वचने घालतो, आणि वर त्याला भक्ती म्हणतो! अपमान कोण करतो, ते वाचकांनीच ठरवावे.

आणि बाबासाहेबांच्या ज्या शब्दांस पत्ता आहे त्यांचे तरी आपण काय केले? जुलै १९४२ मध्ये नागपुरास अखिल भारतीय दलित वर्गांची परिषद भरली. तेथे त्यांनी शेवटी तीन आज्ञा दिल्या. त्यांचा इंग्रजीतील क्रम असा : शिका, चेतवा, संघटित व्हा. हे तीन शब्द त्यांच्याही आधीचे. १८८० च्या दशकात लंडनच्या समाजवादी कामगार मंडळींनी ते आपल्या सभासदपत्रिकेवर छापले होते. मजुरांचा मंत्र मजुरांच्या पुढाऱ्याने उचलला, यात कमीपणा कसला? उलट त्याने आपली भावकी सातासमुद्रांपलीकडे पोचते. पण मराठीत येता येता मधला शब्द शेवटी गेला आणि 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' झाले. मूळ क्रमात मन पेटविणे आधी आणि संघटना नंतर आहे. आपल्या क्रमात आधी संघटना, मग लढा. कोणता क्रम बरा यावर खुशाल वाद घाला. पण पत्ता ठाऊक आहे म्हणूनच हा वाद घालता येतो. पत्ता नसलेल्या वाक्यापुढे हात जोडण्यावाचून दुसरे काय करणार?

आता बाबासाहेबांचे शिक्षणाविषयीचे एक खरेखुरे, तारीखवार भाषण सांगतो. १२ मार्च १९२७, मुंबईचे कायदेकौन्सिल. शिक्षणखात्याच्या खर्चावर ते बोलावयास उभे राहिले. त्यांनी हिशेब मांडला की, प्राथमिक शाळेत येणाऱ्या दर शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोचतात. बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरांत जमा होतात. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. म्हणजे द्यावयाचे त्याच्या सुमारे अडीचपट घ्यावयाचे. दारूतून लोकांकडून जितके घेता तितके तरी लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. त्याच्याही आधी, १८८२ साली, जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे हाच हिशेब मांडला होता. कर भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या वर्गाची मुले. म्हणून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती.

वाचकहो, आता दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. भिंतीवरचे वाक्य कोणाला उद्देशून आहे? पोराला. पी आणि गुरगुर! नाही गुरगुरलास तर दोष तुझा, तू नीट प्यालाच नाहीस. कौन्सिलातले वाक्य कोणाला उद्देशून आहे? सरकारला. किती घेतलेस, किती दिलेस, हिशेब दाखव! पहिले वाक्य रंगवावयास डबाभर रंग पुरतो. दुसरे रंगविले तर मास्तर द्यावा लागतो, खोली द्यावी लागते, वसतिगृह द्यावे लागते. म्हणूनच पहिले वाक्य पुढाऱ्यांच्या फलकावर असते आणि दुसरे खंडाच्या पानात धूळ खात पडते. खोट्या पत्त्याच्या वाक्याचा हा खरा तोटा आहे. ते नुसते चुकीचे असते तर एकवेळ चालले असते, पण ते खऱ्या मागणीच्या जागेवर येऊन बसते. आयत्या बिळावर नागोबा!

आमच्याच शाळेचे पाहा. २०२३ साली सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आणला. आमचा पट सतरा. उद्या ही शाळा उठली तर वाडीची पोरे ओढा ओलांडून, माळ तुडवून किती कोस जाणार? पोरांचे एकवेळ राहू द्या, पोरींना कोण पाठवणार? त्या दिवशी भिंतीवरचे दूध आमच्या काय कामाचे? कामास येईल तो १२ मार्च १९२७ चा हिशेब, कारण त्याला तारीख आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी साहेबांच्या मेजावर तो ठेवता येतो. "साहेब, गुरगुरतो," असे म्हणून कोणाची शाळा वाचल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

दुधाची गोष्ट निघाली म्हणून पाण्याची एक गोष्ट सांगून पुरे करतो. ती आमच्या शेजारच्या खटाव तालुक्याची आहे आणि बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेली आहे. १९०१ साली त्यांचे वडील रामजी सुभेदार खटावात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. दहा वर्षांचा भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीचा मुलगा सातारहून वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनावर उतरले. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही अशा बोलीवर की गाडी पोरांनी हाकावी आणि त्याने पायी चालावे. शिदोरी जवळ होती, पण प्यावयास पाणी नाही. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. अन्न जवळ असून पोरे उपाशी निजली. ही हकिकत त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात सांगितली आहे. माणखटावच्या रस्त्यावर त्या मुलाला दूध राहो, घोटभर पाणी मिळाले नाही. त्या मुलाच्या नावाने आपण वाघिणीचे दूध वाटत फिरतो आणि त्याने सांगितलेली तहान मात्र विसरतो! ती तहान आमच्या मुलांना कळते, कारण टँकरची वाट पाहणे त्यांना ठाऊक आहे. पाणी असूनही जातीपायी ते नाकारले जाणे म्हणजे काय, हे त्यांना कळले तर बाबासाहेब त्यांना कोणत्याही फलकाशिवाय कळतील.

आता आमच्या भिंतीचे काय झाले ते सांगतो. आम्ही पालकांची बैठक बोलाविली आणि सर्व हकिकत सांगितली. नाव पुसावे असे म्हणताच एक तरुण उठला आणि रागाने म्हणाला, "मास्तर, तुमच्या हातनं बाबासाहेबांचं नाव पुसून घेणार हाय का आमी?" त्याचा राग आम्हांस समजला. ज्या नावाने माणूसपण दिले त्या नावावर ब्रश फिरविण्याची कल्पना कोणाला सोसेल? बैठक मोडण्याच्या बेतात आली. तेव्हा बौद्धवाड्यातले एक वृद्ध, ज्यांना आम्ही बाबा म्हणतो, काठी टेकून उभे राहिले. म्हणाले, "गुरुजी, नाव ऱ्हाऊ द्या. पर त्यांच्या नावाखाली त्यांचंच लिवा."

आम्ही तसेच केले. नाव आहे तेथेच आहे. त्याच्या वरचे दूध काढले आणि तेथे १९२७ चा हिशेब लिहिला : शंभरांतली अठरा मुले, चौदा आणे, दोन रुपये दोन आणे नऊ पै, आणि खाली स्थळ व तारीख. वाघिणीचे दूध मागच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीशेजारी हलविले. त्याच्याखाली लिहिले : 'लोकांच्या तोंडचे वाक्य'. तेथे ते शोभते. कोणाच्याही उसन्या नावावाचून शोभते. आता पोरे पुढची भिंत वाचून आणे आणि पै यांची गणिते सोडवितात, आणि मागच्या भिंतीपुढे पाणी पिऊन गुरगुरतात.

बांधवहो, आमचे मागणे मोठे नाही. आपल्या गावच्या शाळेत, चावडीत, समाजमंदिरात जे जे वचन रंगविलेले असेल त्याच्यापुढे उभे राहा आणि त्या मेंढपाळाच्या पोराचे दोन सवाल विचारा : कवा म्हणलं? कुठल्या गावात? उत्तर मिळाले तर त्या नावाखाली गाव, साल आणि ग्रंथ लिहा. न मिळाले तर वाक्य ठेवा, पण नाव उसने घेऊ नका. मग ते नाव बाबासाहेबांचे असो, जोतीरावांचे असो, शाहू महाराजांचे असो, की शिवाजी महाराजांचे. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याची सवय आपल्या वाडवडिलांना जबरीने लावली होती. आता आपल्याला कोणी जबरी करीत नाही. आड आपला आहे, पोहरा आपल्या हाती आहे. वाकून पाणी शेंदण्याचे कष्ट तेवढे घेतले पाहिजेत.

आपला,
माणदेशातील एक खेडूत शिक्षक